गायरान, प्रतिकूल ताबा आणि ग्रामपंचायतीचा ठराव

गावातल्या सरकारी जमिनीवर वर्षानुवर्षे राहणाऱ्या किंवा ती कसणाऱ्या माणसाला त्या जमिनीवर हक्क मिळतो काय? महाविद्यालयात शिकवू लागल्यापासून माझ्या विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या वडीलधाऱ्यांनी हा प्रश्न मला अनेकदा विचारला आहे. मी वकील नाही. परंतु घरात पहिलाच पदवीधर असलेल्या माणसाकडे वस्तीतले सगळे सरकारी कागद वाचायला येतात. ते वाचता वाचता हा विषय मला शिकावा लागला. गावोगाव या प्रश्नाचे एक तयार उत्तर फिरत असते, ‘बारा वर्षे झाली की जमीन आपली.’ हे उत्तर चुकीचे तर आहेच, शिवाय धोक्याचेही आहे. त्यावर विसंबलेला माणूस न मिळणाऱ्या हक्काच्या मागे लागतो आणि जो हक्क मिळू शकला असता तो स्वतःच्या तोंडाने घालवून बसतो. म्हणून या लेखात कायदा काय आहे, ग्रामपंचायत व महसूल खाते तो कसा वापरतात आणि आपल्या माणसांनी कोणती वाट धरावी, याची मांडणी करीत आहे.

प्रतिकूल ताबा म्हणजे काय?

कायद्याच्या भाषेत ज्याला प्रतिकूल ताबा किंवा विरुद्ध कब्जा म्हणतात, आणि कोर्टात ज्याचे नाव ‘ॲडव्हर्स पझेशन’ असे घेतले जाते, त्याचा उगम मुदतीच्या कायद्यात आहे. मूळ मालकाने आपली जमीन परत मिळवण्यासाठी ठराविक मुदतीत दावा लावला पाहिजे. तो लावला नाही तर दावा लावण्याचा अधिकार संपतो. १९६३ च्या मुदत कायद्याच्या कलम २७ प्रमाणे दाव्याचा अधिकारच नव्हे, तर त्या मालमत्तेवरचा त्याचा हक्कही संपतो. खाजगी जमिनीसाठी ही मुदत अनुच्छेद ६५ प्रमाणे १२ वर्षांची आहे. ‘बारा वर्षां’ची म्हण येथून आलेली आहे.

परंतु नुसती बारा वर्षे जमिनीवर बसून चालत नाही. ताबा उघड असावा लागतो, चोरून नव्हे. तो सलग असावा लागतो. आणि तिसरी अट सर्वांत महत्त्वाची आहे. तो ताबा मालकाच्या हक्काला नाकारणारा असावा लागतो. ‘ही जमीन तुझी नाही, माझी आहे’ या भूमिकेतून ती धरलेली असली पाहिजे. मालकाच्या परवानगीने, भाड्याने, सालाने किंवा मेहेरबानीने धरलेली जमीन शंभर वर्षे धरली तरी प्रतिकूल ताबा होत नाही. कोणत्या तारखेपासून आपण मालकाला नाकारले, हेही दावेदारालाच सिद्ध करावे लागते. ही तिसरी अट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढचे सगळे विवेचन तिच्यावर उभे आहे.

हा कायदा नैतिकदृष्ट्या विचित्र आहे, हे न्यायालयांनीही म्हटले आहे. २००८ साली गुजरातमधून आलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या तत्त्वावर कठोर टीका केली आणि सरकारने त्याचा नव्याने विचार करावा अशी शिफारस केली. त्यानंतर विधी आयोगाने हा विषय हाती घेतला. मे २०२३ मधील २८० व्या अहवालात आयोगाने बदलाची गरज नाही असा निष्कर्ष काढला. कायदा मंत्रालयाच्या पदसिद्ध सदस्यांनी मात्र त्याला असहमती नोंदवली. म्हणजे कायदा आहे तसाच आहे.

सार्वजनिक जमिनीची गोष्ट वेगळी

सरकारविरुद्धची मुदत १२ वर्षांची नाही. १९०८ च्या जुन्या मुदत कायद्यात सरकारला दावा लावण्यासाठी ६० वर्षे होती. १९६३ च्या कायद्याने अनुच्छेद ११२ मध्ये ती ३० वर्षांवर आणली. स्थानिक संस्थेच्या ताब्यातून गेलेल्या सार्वजनिक रस्त्यासाठीही अनुच्छेद १११ प्रमाणे ३० वर्षेच आहेत. म्हणून गावठाणाच्या रस्त्यावर ओटा काढून पंधरा वर्षे झाली, आता तो माझा झाला, हे म्हणणे टिकत नाही.

त्यातही, ३० वर्षे पुरी झाली तरी न्यायालये सरकारी जमिनीवरचा असा दावा सहजासहजी मान्य करीत नाहीत. सरकारी जमिनी अफाट पसरलेल्या असतात, त्यांच्यावर दररोज पहारा ठेवता येत नाही आणि खालच्या नोकरांशी संगनमत करून नोंदी घालता येतात. म्हणून खाजगी मालकाविरुद्धच्या दाव्यापेक्षा येथे पुरावा अधिक काटेकोर हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली कर्नाटकच्या एका प्रकरणात स्पष्ट केले. २०१९ मध्ये रविंदर कौर ग्रेवाल खटल्यात न्यायालयाने प्रतिकूल ताब्याच्या आधारे दावा दाखल करण्याची मुभा दावेदाराला दिली, म्हणजे जे तत्त्व पूर्वी केवळ ढाल मानले जाई ते तलवार म्हणूनही वापरता येईल असे म्हटले. परंतु त्याच निकालात सार्वजनिक उपयोगासाठी राखलेल्या जमिनींवर असा हक्क निर्माण होऊ नये, हे कायद्यातच स्पष्ट करणे इष्ट आहे, असेही नमूद केले. गायरान ही अशीच सार्वजनिक उपयोगाची जमीन आहे.

हे झाले माणसाने सरकारविरुद्ध सांगितलेल्या ताब्याविषयी. सरकार माणसाविरुद्ध प्रतिकूल ताबा सांगू शकते काय? आश्चर्य वाटेल, परंतु सरकारांनी तसे सांगून पाहिलेले आहे. हिमाचल प्रदेशात एका निरक्षर विधवेची जमीन १९६७-६८ च्या सुमारास रस्त्यासाठी घेतली गेली. तिला मोबदला दिला नाही. ती कोर्टात गेली तेव्हा सरकारने बचावात आपला प्रतिकूल ताबा पुढे केला. जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्या देवी खटल्यात तो बचाव फेटाळला आणि कल्याणकारी राज्याला आपल्याच नागरिकाची जमीन अशा रीतीने बळकावता येणार नाही असे सांगून मोबदला देण्याचा आदेश केला. निकाल योग्यच आहे. परंतु तो मिळेपर्यंत त्या बाईची अर्धी शतकभर वाट पाहून झाली होती, हेही आपण विसरू नये.

जमीन कोणाची, अधिकार कोणाचा

गावात सर्वसाधारण समजूत अशी असते की गायरान ग्रामपंचायतीचे आहे. वस्तुतः महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० प्रमाणे जी जमीन दुसऱ्या कोणाच्या मालकीची नाही ती राज्य शासनाची असते. कलम २२ खाली जिल्हाधिकारी ती गुरचरणासारख्या कामासाठी नेमून देतात. बऱ्याच ठिकाणी तिची देखभाल ग्रामपंचायतीकडे असते, परंतु सातबारावर मालक म्हणून ‘सरकार’ असते. याचा अर्थ असा की ग्रामपंचायत गायरानाचा हक्क कोणाला देऊ शकत नाही, आणि एखाद्याचा प्रतिकूल ताबा मान्य करून मोकळीही होऊ शकत नाही. सरपंचाने शिक्का मारून दिलेला ‘ही जागा अमुकच्या ताब्यात आहे’ असा दाखला ताब्याचा एक पुरावा ठरेल, मालकीचा नाही. घरपट्टी भरली आणि ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये नाव लागले, म्हणजे घराची जागा आपली झाली असेही नाही. घरपट्टी हा कर आहे, तिच्या पावतीने कोणाला मालकी मिळत नाही.

मग ग्रामपंचायतीच्या हाती काय असते? काढण्याचा अधिकार असतो. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ५३ प्रमाणे सार्वजनिक रस्ते आणि मोकळ्या जागांवरचे अतिक्रमण पंचायत काढू शकते. जागा शासनाची असेल तर जिल्हाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची परवानगी आधी घ्यावी लागते. प्रत्यक्षात हे कसे घडते? कोणीतरी तक्रार अर्ज देतो. मासिक सभेत ठराव होतो. नोटीस निघते. भूमी अभिलेख खात्याकडून मोजणी होते, पंचनामा होतो. पंचायतीने हात वर केले तर प्रकरण तहसीलदाराकडे जाते. तेथे महसूल संहितेचे कलम ५० आणि कलम ५३ लागू होते, म्हणजे अतिक्रमण काढणे, दंड करणे आणि संक्षिप्त चौकशी करून हुसकून लावणे.

या क्रमात एक गोष्ट लगेच दिसते. सुरुवात तक्रारीने होते. तक्रार कोणाविरुद्ध करायची, हे गावातली सत्ता ठरवते. बहुतेक गावांत गायरानावर सभामंडप असतो, एखाद्या पुढाऱ्याच्या संस्थेची इमारत असते, कोणाचा तरी गोठा असतो आणि वस्तीतल्या माणसांनी दगड वेचून केलेली दोन-दोन एकरांची शेतेही असतात. ठराव बहुधा शेवटच्यांविरुद्ध होतो. मी स्वतः वाचलेल्या नोटिसांपैकी एकाच गावच्या चौदा नोटिसा एका तारखेच्या होत्या. चौदाही जण वस्तीतले होते. त्यांच्या शेतांना लागून असलेल्या, त्याच सर्व्हे नंबरातल्या पक्क्या शेडवाल्याला नोटीस नव्हती. विचारले तेव्हा उत्तर मिळाले की त्याच्याविरुद्ध अर्ज आलेला नाही.

अपात्रतेचे हत्यार

ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ मध्ये २००६ साली एक पोटकलम घातले गेले. शासकीय जमिनीवर किंवा सार्वजनिक मालमत्तेवर अतिक्रमण करणारा माणूस पंचायतीचा सदस्य होण्यास किंवा राहण्यास अपात्र ठरतो. हेतू चांगला होता. सरकारी जमीन गिळणाऱ्याने गावाचा कारभार पाहू नये, यात गैर काय? सप्टेंबर २०१८ मध्ये जनाबाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ अधिक विस्तृत केला. अतिक्रमण मूळ कुटुंबातल्या दुसऱ्या कोणी केलेले असले, तरी त्याच जागेत राहून तिचा उपभोग घेणारा सदस्यही अपात्र ठरू शकतो.

आता हा नियम गावाच्या नकाशावर ठेवून पाहा. गावठाणात ज्यांचे पिढीजात वाडे आहेत त्यांना अतिक्रमण करण्याची गरज पडत नाही. गावठाण ज्यांना कधी मिळालेच नाही, वस्ती वाढली तेव्हा ज्यांना गायरानाकडेच सरकावे लागले, त्यांच्या घराखालची जमीन मात्र आज ‘सरकारी’ आहे. राखीव जागेवरून निवडून आलेली वस्तीतली बाई सरपंच होते, आणि तिच्या सासऱ्याने चाळीस वर्षांपूर्वी घातलेले घर गायरानात येते म्हणून अर्ज दाखल होतो. आरक्षणाने दिलेले पद सातबाऱ्याने काढून घेता येते, हे विरोधकांना कळून चुकले आहे. निवडणुकीला उभे राहण्यापूर्वी घराची जागा कोणत्या सदरात आहे हे तपासा, असे मी आता प्रत्येकाला सांगतो.

दोन वाटा, एकमेकींना छेद देणाऱ्या

आता त्या तिसऱ्या अटीकडे वळतो. सरकारी जमीन मिळवण्याच्या दोन वाटा आहेत. पहिली प्रतिकूल ताब्याची. ‘ही जमीन सरकारची नाही, तीस वर्षांहून अधिक काळ माझी आहे’ असे सांगून दिवाणी कोर्टात जायचे. सरकारला दोन महिन्यांची नोटीस द्यायची, वकील लावायचा, वर्षानुवर्षे लढायचे. दुसरी वाट नियमानुकूल करून घेण्याची. ‘जमीन सरकारची आहे. मी भूमिहीन आहे, ती कसतो आहे. ती माझ्या नावे करा’ असा अर्ज करायचा.

या दोन्ही वाटांनी एकाच वेळी चालता येत नाही. अर्ज केला, एकसाली पट्टा घेतला किंवा सरकारचे धारकत्व मान्य केले, की प्रतिकूल ताब्याचा दावा दुबळा होतो, कारण मालकाला नाकारण्याची अटच राहत नाही. उलट कोर्टात ‘सरकार मालकच नाही’ असे शपथेवर सांगितले, की नियमानुकूल करण्याच्या अर्जाचा पाया हलतो. जो मालकी नाकारून जमीन दाबतो त्याला कायदा निदान एक दार दाखवतो. जो सरळपणे मागतो, त्याचे मागणेच त्या दारावरची कडी होते. या उफराट्या न्यायाची आपल्याला चीड यावी. परंतु चिडून चुकीचे दार ठोठावण्यात अर्थ नाही. गायरानाच्या बाबतीत पहिले दार जवळजवळ बंदच आहे, हे वर पाहिले. दुसरे दार किलकिले का होईना, उघडे राहिले आहे. ते आपोआप उघडलेले नाही. आपल्या माणसांनी ते तुरुंगात जाऊन उघडवले आहे.

हे दार कोणी उघडले?

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात महार वतनाचा प्रश्न विधेयकाच्या रूपाने मांडला, तेव्हाच जमीन आणि गुलामगिरी यांचे नाते त्यांनी उघड केले होते. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात त्यांनी शेतजमीन राज्याच्या मालकीची करून जातिभेद न पाहता गावकऱ्यांना कसायला द्यावी, अशी मागणी केली. त्या विचाराला लढ्याचे रूप दिले ते कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांनी. १९५९ चा भूमिहीनांचा सत्याग्रह आणि ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर सुरू झालेला सत्याग्रह, या दोन्ही वेळी मागणी एकच होती, पडीक सरकारी जमीन कसणाऱ्या भूमिहीनांना द्या. सत्याग्रहींनी तुरुंग भरले.

हा सत्याग्रह प्रतिकूल ताबा नव्हता, हे नीट समजून घेतले पाहिजे. दादासाहेबांनी कोणाला ‘गुपचूप नांगर घाला आणि तीस वर्षे थांबा’ असे सांगितले नाही. जमीन राज्याची आहे, राज्य आमचेही आहे, म्हणून त्या जमिनीत आमचा वाटा आहे, असा तो दावा होता. मुदतीच्या आधाराने मागितलेला हक्क आणि नागरिकत्वाच्या आधाराने मागितलेला हक्क यांत हा फरक आहे.

या लढ्यांच्या दडपणाखाली शासनाने निर्णय घेतले. त्यांपैकी दोन कार्यकर्त्यांना तारखेसह पाठ असले पाहिजेत. २७ डिसेंबर १९७८ च्या निर्णयाने १ एप्रिल १९७२ ते ३१ मार्च १९७८ या काळातली शेतीसाठीची अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचे ठरले. २८ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयाने १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातली अतिक्रमणे त्यात आली. दोन्हींचा रोख प्रामुख्याने भूमिहीन मागासवर्गीयांवर होता. अशा जमिनी भोगवटादार वर्ग २ म्हणून दिल्या जातात, म्हणजे परवानगीशिवाय विकता येत नाहीत. मराठवाड्यात एकनाथ आवाड यांच्या मानवी हक्क अभियानाने या निर्णयांची अंमलबजावणी व्हावी म्हणून गावोगाव गायरानधारकांना संघटित केले. राहत्या घरांसाठी १६ फेब्रुवारी २०१८ चा स्वतंत्र निर्णय आहे. त्यात १ जानेवारी २०११ पूर्वीची ग्रामीण भागातील घरे विचारात घेतली आहेत.

महसूल संहितेच्या कलम ५१ मध्येही अतिक्रमण नियमानुकूल करण्याची तरतूद आहे. परंतु तेथे जमिनीच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत रक्कम आकारता येते. ती भरणे कोणाला परवडते, हे सांगायला नको.

दंडाची पावती

या निर्णयांचा सारा भार एका गोष्टीवर आहे. ठराविक तारखेपूर्वी आपण त्या जमिनीवर होतो, हे दाखवावे लागते. आणि हा पुरावा ठेवण्याचे काम ज्याच्याकडे आहे तो तलाठी (२०२४ पासून त्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) गावातल्या सत्तेच्या ओसरीवर बसलेला असतो. अतिक्रमणांची नोंदवही म्हणजे गाव नमुना एक-ई. त्यात नाव असेल तर माणूस कायद्याच्या नजरेत आहे. नसेल तर तो पन्नास वर्षे कसत असला तरी कालच आलेला ठरतो.

माझ्या आजोबांनी १९७२ च्या दुष्काळानंतर गायरानातला दोन एकरांचा तुकडा वहितीखाली आणला. त्यांच्या नावाने घरात एकही दस्त नव्हता. होत्या त्या तहसीलच्या दंडाच्या पावत्या, आजीने लुगड्याच्या चिंधीत बांधून उतरंडीत ठेवलेल्या. शेजारच्या घरानेही तेवढाच दंड भरला होता. पण दंड म्हणजे गुन्हा, आणि गुन्ह्याचा कागद घरात कशाला, या लाजेने त्या घरच्या म्हाताऱ्याने पावत्या चुलीत घातल्या. पुढे १९७८ च्या निर्णयाखाली दोघांनी अर्ज केले. आमचा अर्ज कित्येक वर्षे पडून राहिला, पण अखेर मंजूर झाला. शेजाऱ्यांचा पुराव्याअभावी निकाली निघाला. बांधाला बांध लागून असलेल्या, एकाच दिवशी नांगरलेल्या त्या दोन शेतांपैकी एक आज आमच्या नावावर आहे, आणि दुसऱ्यावर अजून नोटीस येते. सरकारने गुन्हेगार ठरवणारा कागद दिला, आणि तोच पुढे हक्काचा कागद झाला. म्हणून दंडाच्या पावतीची लाज बाळगू नका, ती जपून ठेवा.

नवे संकट

२८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्याचा निकाल दिला. पंजाबात पतियाळा जिल्ह्यातल्या एका गावाचे तळे बुजवून धनदांडग्यांनी घरे बांधली होती. न्यायालयाने ती हटवण्याचे आदेश कायम केलेच, शिवाय गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्यासाठी सर्व राज्यांनी योजना तयार करावी असे सांगितले. त्यानंतर महाराष्ट्रात गायरान देण्यावर निर्बंध आले. गायरानाचा अन्य वापर रोखणारे कलम २२-अ महसूल संहितेत घालण्यात आले. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दाखल करून घेतलेल्या याचिकेत वर्षअखेरपर्यंत गायरानावरची अतिक्रमणे काढण्याचे निर्देश दिले. गावोगाव नोटिसा वाटल्या गेल्या आणि त्यांविरुद्ध मोर्चे निघाले.

जगपाल सिंग निकालाचा दाखला प्रत्येक नोटिशीत असतो. परंतु त्या निकालातला एक भाग नोटिशीत नसतो. न्यायालयाने अपवाद सांगितले आहेत. शासकीय अधिसूचनेखाली भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना पट्टा दिलेला असेल, किंवा जागेवर शाळा, दवाखाना यांसारखी सार्वजनिक सोय असेल, तर नियमानुकूल करण्याचा विचार होऊ शकतो. तळे गिळणारा आणि माळ फोडून जोंधळा काढणारा यांत न्यायालयाने फरक केला आहे. तहसील कचेरीतला कारकून तो करीत नाही. तो करायला लावणे हे आपले काम आहे.

सबळ पक्षाजवळ आणखी एक सोय असते. १९८२ साली आंध्र प्रदेशातल्या थुम्माला कृष्ण राव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, जमिनीच्या मालकीविषयी खरा आणि जुना वाद असेल तर सरकारला संक्षिप्त कारवाईने ताबा घेता येत नाही, दिवाणी दावाच लावावा लागतो. तत्त्व सर्वांसाठी आहे. परंतु ‘खरा वाद’ उभा करायला जुने दस्त आणि महागडा वकील लागतो. त्यामुळे शेडवाल्याचे प्रकरण कोर्टात लोंबकळत राहते आणि वस्तीतल्या माणसाच्या उभ्या पिकात ट्रॅक्टर फिरतो.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

पहिले म्हणजे, प्रत्येक वस्तीतल्या गायरानधारकांची यादी करा आणि माहिती अधिकार कायदा, २००५ खाली दहा रुपयांच्या अर्जावर गाव नमुना एक-ई, जुन्या पीकपाहण्या आणि पंचनामे यांच्या प्रती मिळवा. हे काम महाविद्यालयातली मुले उत्तम करतात. माझ्या विद्यार्थ्यांनी एका सुट्टीत तीन गावांच्या नोंदी काढल्या.

दुसरे, नोटीस आली की गप्प बसू नका. लेखी उत्तर द्या आणि पोच घ्या. उत्तरात प्रतिकूल ताब्याची भाषा उसनी घेऊ नका. कोणत्या तारखेपासून कसतो, कोणत्या शासन निर्णयात बसतो, अर्ज केव्हा केला होता, हे लिहा. तहसीलदाराचा आदेश विरोधात गेला तर अपिलाची मुदत ६० दिवसांची आहे.

तिसरे, ग्रामसभेत बसा. पंचायतीच्या ठरावाने मालकी मिळत नसली तरी ठरावाने कारवाई सुरू होते, आणि प्रतिकूल ठराव पुढे प्रत्येक कचेरीत फाईलवर चढतो. कारवाईचा ठराव आला तर त्या सर्व्हे नंबरातली सगळी अतिक्रमणे, सभामंडप आणि शेडसकट, यादीत घ्या असा आग्रह धरा.

चौथे, गावातल्या कोणी दांडगाईने शेतातून हुसकले किंवा पीक मोडले, तर अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९ आठवा. २६ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर त्यात मालकीच्याच नव्हे तर ताब्यातल्या जमिनीचाही स्पष्ट उल्लेख आहे. सातबारा नावावर नाही म्हणून गुन्हा नाही, हे पोलिसांचे म्हणणे ऐकून घेऊ नका.

विकत घेऊन द्यायची योजनाही आहे. २००४ साली दादासाहेब गायकवाडांच्याच नावाने सुरू झालेल्या योजनेत भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांना चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देण्याची तरतूद आहे. पण सरकारी दराने वस्तीतल्या माणसाला जमीन विकायला गावात कोण पुढे येतो? सरकारजवळ स्वतःची जमीन असताना आणि ती आधीच कसली जात असताना, ती कसणाऱ्याला देणे हाच सर्वांत स्वस्त आणि न्याय्य मार्ग आहे. गुरांसाठी गायरान राहिलेच पाहिजे, हे आम्हालाही मान्य आहे. कुरणाचे रक्षण करायचे असेल तर मोजणी सगळ्यांची करा आणि सुरुवात पक्क्या भिंतींपासून करा. ज्या गावाने माणसाला गावठाणात जागा दिली नाही, त्या गावाला आता त्याचे गायरानातले घर मोडण्याचा ठराव करण्यापूर्वी, तो राहणार कोठे याचे उत्तर त्याच ठरावात लिहायला भाग पाडले पाहिजे.